दोन खुर्च्या

माझे सासरे सांगलीच्या एका शाळेत ३४ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. रेन अँड मार्टिनचं व्याकरण त्यांना तोंडपाठ, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची जुनी प्रत अजून उशाशी, आणि रात्री रेडिओवर बीबीसीच्या बातम्या ऐकल्याशिवाय झोप नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज बँकांत आहेत, कोर्टात आहेत, दोघंतिघं प्राध्यापकही झाले. शब्दाचा उच्चार चुकला की अण्णा छडी घेत नसत. त्या मुलाला उभं करून तो शब्द पुन्हा म्हणायला लावत. वर्ग हसायचा. मूल सुधारायचं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातली. आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात आणि डोळ्याला डोया. लग्न होऊन सांगलीला आले त्या दिवशी अण्णांना विचारलं, "पानी देऊ का?" त्यांनी पेला घेतला, पण ओठांना लावला नाही. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "पाणी." मी "पाणी" म्हटलं, मग ते प्यायले. हे पुढे कितीतरी दिवस चाललं. त्यात राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता. शिकवणं त्यांच्या अंगातच होतं. माझा 'ण' सुधारला. माझ्या आईचा सुधारायचा प्रश्न नव्हता, कारण अण्णांसमोर ती बोलायचीच बंद झाली. फोनवर त्यांचा आवाज ऐकला की "थांबा हं" एवढं म्हणून फोन माझ्या भावाच्या हातात द्यायची.

अण्णांच्या कपाटात 'बहिणाबाईंची गाणी' होती, १९५२ साली पहिल्यांदा छापून आलेलं ते पुस्तक. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. जी बोली माझ्या आईच्या तोंडी, तिचीच सख्खी बहीण शोभेल अशी बोली त्या गाण्यांत आहे. पुस्तकातली ती बोली अण्णांना अमृतासारखी वाटे आणि विहीणबाईंच्या तोंडची अशुद्ध. हे मला तेव्हा सलत होतं आणि आता लिहितानाही सलतं आहे.

सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही अण्णांना चार महिन्यांसाठी न्यूझीलंडला बोलावलं. आम्ही दोघं क्राइस्टचर्चला राहतो. मी तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. अण्णांचा हा पहिलाच परदेश प्रवास. ऑकलंडला विमान बदलायचं होतं, त्याची काळजी आम्हाला होती, त्यांना मुळीच नव्हती. "इंग्रजी बोलणारा देश आहे ना? मग झालं तर," असं म्हणून ते निघाले.

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर ते बाहेर आले ते चेहरा लाल करूनच. "या देशात येणाऱ्या प्रत्येकाला कोंबडी खायला लावतात का?"

मग हळूहळू सगळं कळलं. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेला खाऊ आधी सांगावा लागतो. लपवला आणि सापडला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. अण्णांनी भडंग, मेतकूट, सांडगे सगळं कागदावर लिहून दिलं होतं, त्यामुळे तिथून ते मानाने सुटले. पण पुढे देशांतर्गत विमानाच्या इमारतीत एका मुलीने त्यांना विचारलं, "हॅव यू चिक्ड इन?" आणि हात करून दाखवलं, "चिकन इज ओव्हर देअर." अण्णा म्हणाले, आपण शुद्ध शाकाहारी आहोत. ती हसून पुन्हा म्हणाली, "चिकन, सर." अण्णांनी हात जोडले. मुलगी बिचारी त्यांची बॅग उचलून पुढे निघाली, तेव्हा अण्णांना वाटलं, आता ही आपल्याला बळेच भोजनगृहात नेते आहे. ती त्यांना चेक-इनच्या रांगेत उभं करून गेली.

या लोकांच्या तोंडी आपल्या ओळखीचा 'ए' जवळजवळ 'इ' होतो. बेडचं बिड, टेनचं टिन, चेकचं चिक. तिकडे 'इ' आपली जागा सोडून 'अ'कडे सरकते, म्हणून फिश अँड चिप्सचं फश अँड चप्स ऐकू येतं. आणि रिकाम्या झालेल्या 'ए'च्या जागेवर 'ॲ' येऊन बसतो. बॅग बेग होते. एस्टीच्या बाकावर चौथा माणूस टेकला की तिघंही थोडे थोडे सरकतात, तसंच हे आहे. कोणी चुकत नाही, सगळे सरकलेले असतात. सरकलेल्यांची एकमेकांत काहीच अडचण होत नाही. अडचण होते ती बाहेरून येणाऱ्याची.

पण हे मी त्या दिवशी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे यांना इंग्रजी येत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखायला लागला. मी कामावर होते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ते स्वतःच गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "समथिंग फॉर पेन." बाईंनी खिशातलं बॉलपेन काढून पुढे केलं आणि विचारलं, "अ पिन?" टाचणी म्हणा, सुई म्हणा, अण्णांना तिचं भारी भय. ते दोन पावलं मागे सरकले. "नो पिन! नो पिन! ओन्ली पेन!" बाईंनी पेन आणखी पुढे केलं. "येस, अ पिन." शेवटी अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं करून दाखवलं, तेव्हा मलम मिळालं. बाई इतक्या ओशाळल्या की त्यांनी ते पेनही सोबत देऊन टाकलं.

रात्री अण्णा म्हणाले, "पेनला पिन म्हणतात, काय म्हणावं यांना!" मी म्हटलं, "पण अण्णा, तुम्हीही दुखण्याला पेन म्हणालात. लिहायच्या पेनला आपण म्हणतो तसंच." ते गप्प झाले. मराठीत 'ए' एकच आहे. इंग्रजीत तो दोन तऱ्हांचा असतो, एक आखूड आणि एक लांबवून 'इ'कडे वळवलेला. आपण दोन्ही एकाच मापात ओततो. म्हणून आपल्या तोंडी चव आणि परीक्षा दोन्ही टेस्ट, विकणं आणि विक्री दोन्ही सेल, लिहिणं आणि दुखणं दोन्ही पेन. शिवाय शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'मध्ये इंग्रज माणूस 'ह'ची बारीक फुंकर घालतो. ती नसली तर त्याच्या कानाला आपला 'प' कधी कधी 'ब'सारखा लागतो. 'प' आणि 'फ' वेगळे ओळखणारी आपली जीभ, पण इंग्रजी बोलताना तिला ती फुंकर सुचत नाही. ३४ वर्षांत अण्णांना हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांचे सगळे श्रोते मराठीच होते.

त्यानंतर अण्णांनी एक सवय लावून घेतली. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की मान हलवायची आणि "येस, येस, थँक यू" म्हणायचं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने "मला समजलं नाही" कसं म्हणायचं? मला त्यांची ही अडचण कळत होती. परक्या देशात फजितीपेक्षा हे मान हलवणं जास्त महागात पडतं, हेही मला माहीत होतं. पण सुनेने सासऱ्यांना कसं सांगावं?

एका दुपारी रिक्कार्टनच्या बाजारात जायला ते बसथांब्यावर गेले. बस आली. त्यांनी विचारलं, रिक्कार्टनला जाते का? चालक म्हणाला, ही लिटलटनची, तुम्हाला पुढची पाहिजे. 'नेक्स्ट'चं 'निक्स्ट' झालेलं. अण्णांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "येस, येस, थँक यू," आणि बसले. चालकाने मागे वळून पुन्हा सांगितलं. अण्णांनी पुन्हा मान हलवली, तीही आपल्या पद्धतीने, डावीउजवीकडे डोलवत, ज्याचा अर्थ तिकडे कोणालाच लागत नाही. थोड्या वेळाने बस डोंगराच्या पोटात शिरली. लिटलटनचा बोगदा जवळजवळ २ किलोमीटर लांब आहे, १९६४ साली झालेला. बोगद्यातून बस बाहेर आली तेव्हा समोर बाजार नव्हता. समुद्र, जहाजं आणि लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग होते.

माझी कामाची पाळी संपत आली होती. त्यांचा फोन आला तसं गाडी घेऊन मी गेले. अण्णा बंदरावरच्या एका बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. चालकाने त्यांना तिथे बसवून, हातवारे करून, "इथेच थांबा" असं सांगितलं होतं. एवढं मात्र त्यांना कळलं होतं.

परतताना त्यांनी एका पाटीवर बंदराचं माओरी नाव वाचलं, "व्हाकाराउपो." मी म्हटलं, "फाकाराउपो." त्यांनी विचारलं, "मग 'एफ' का नाही लिहीत?" मी सांगितलं की १९व्या शतकात मिशनऱ्यांनी माओरी भाषा रोमन लिपीत उतरवली. त्या लोकांचा हा ध्वनी ओठांतून हलकी फुंकर मारल्यासारखा होता, त्यासाठी पुढे 'डब्ल्यू' आणि 'एच' ही जोडी रूढ झाली. १९८७ पासून माओरी इथली अधिकृत भाषा आहे, आणि रेडिओवर गोरे निवेदकही ही नावं तिच्याच पद्धतीने उच्चारायची काळजी घेतात. अण्णा बराच वेळ बाहेर बघत राहिले.

मग मी धीर केला. त्यांना माझा पहिला महिना सांगितला. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन मी या देशात आले आणि पहिल्याच दिवशी वॉर्डात मला निम्मं कळेना. 'टिन' म्हणजे डबा की दहा? 'बिड' म्हणजे काय? औषधाच्या मात्रेत १५ आणि ५० यांचा घोटाळा झाला तर माणूस जातो. तेव्हा आमच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इथे ऐकलेली मात्रा मोठ्याने परत म्हणून दाखवायची, सगळ्यांनीच, डॉक्टरांनीसुद्धा. शंका आली तर आकडे सुटे करून म्हणायचं, एक-पाच की पाच-शून्य. आणि न कळता मान हलवायची नाही. विमानांतही असंच आहे. वैमानिक नियंत्रकाची सूचना शब्दशः परत म्हणतो. नाइन आणि फाइव्ह कानाला सारखे लागू नयेत म्हणून नऊला तिथे 'नायनर' म्हणतात. जगभरातली माणसं जगभरातल्या उच्चारांनी बोलणार, हे धरूनच हे नियम केले आहेत. कोणाचाही उच्चार सुधारत बसण्याएवढा वेळ आकाशात नसतो.

"म्हणजे 'पुन्हा सांगा' म्हणायला लाज वाटत नाही?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्या महिन्यात वाटायची," मी म्हटलं. "नंतर कळलं, पुन्हा सांगा म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं. आपलं बोलणं याला हवं आहे, असं त्याला वाटतं."

ते काही बोलले नाहीत.

खुर्च्यांची गोष्ट त्यानंतरच्या रविवारची. आमच्या शेजारी एक वयस्क जोडपं राहतं. बाई क्राइस्टचर्चमध्येच जन्मलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्या कुंपणापाशी फुलझाडं कापत होत्या. अण्णांनी त्यांना वाटीभर भडंग नेऊन दिलं. सांगलीचा माणूस भडंग दिल्याशिवाय ओळख करून घेत नाही. बाईंनी एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चेअर्स!"

अण्णा लगबगीने घरात आले. एक खुर्ची बाहेर नेऊन ठेवली आणि दुसरी आणायला परत आले. मी विचारलं, दोन कशाला? ते म्हणाले, "चेअर्स म्हणाल्या. अनेकवचन आहे."

बाई 'चीअर्स' म्हणाल्या होत्या. तिकडे आभार मानायला हा शब्द वापरतात. आणि न्यूझीलंडमध्ये कितीतरी लोकांच्या तोंडी 'इअर' आणि 'एअर' यांतला फरक उरलेला नाही. अस्वल आणि बिअर एकच, कान आणि हवा एकच, आभार आणि खुर्च्या एकच. मी हे खिडकीतून सांगणार, तोवर बाईंच्या ते लक्षात आलं. त्या हसल्या, पण वर्ग हसतो तशा नाही. कात्री खाली ठेवून त्या कुंपणाच्या फटीतून अलीकडे आल्या आणि एका खुर्चीत बसल्या. मग नवऱ्याला हाक मारली, "ये, तुझ्यासाठीही खुर्ची मांडली आहे." अण्णांसाठी मी तिसरी नेली.

तिथे तासभर गप्पा झाल्या. बाईंनी सांगितलं की एके काळी इथल्या शाळा तपासायला येणारे अधिकारी मुलांच्या या उच्चारांबद्दल नाराजीचे शेरे लिहायचे; विलायतेसारखं बोलणं तेवढं खरं, बाकीचं गावंढळ. १९४६ ते १९४८ मध्ये नभोवाणीची एक गाडी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होती. पुढे याच शहरातल्या कँटरबरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ते आवाज पुन्हा ऐकले. १८५० नंतर इथे जन्मलेली माणसं त्यांत बोलतात. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेल्या आईबापांच्या मुलांनी एकत्र खेळता खेळता हा उच्चार कसा घडवला, ते त्या आवाजांत ऐकू येतं. बाई हे सांगताना अण्णा मधेच म्हणाले, "वन्स मोअर, प्लीज. आय डिड नॉट फॉलो." बाईंनी पुन्हा सांगितलं. सावकाश.

मग त्यांचे यजमान बोलायला लागले आणि अण्णा चमकून सरळ बसले. यजमानांचा प्रत्येक शब्द त्यांना कळत होता! हे गृहस्थ मूळचे अगदी दक्षिणेकडच्या साउथलंडचे. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी त्या बाजूला वस्ती केली. डनेडिन शहर त्यांनीच १८४८ मध्ये वसवलं. त्यांचा ठसठशीत 'र' साउथलंडमध्ये अजून टिकून आहे. बाकीचा देश 'वर्क' म्हणताना 'र' गिळतो. हे गृहस्थ तो सांगलीकरासारखा पुरा उच्चारतात. मला ते 'नर्स' म्हणाले, ते थेट माझी आई म्हणते तसं.

अण्णांनी त्या 'र'चं मनापासून कौतुक केलं. गृहस्थ थोडा वेळ हातातल्या वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, दहा वर्षांचा असताना वडिलांच्या कामामुळे आम्ही इथे आलो. वर्गात शिक्षकांनी मला उभं करून 'पर्पल' म्हणायला लावलं. मी म्हटलं. सगळे हसले. शिक्षकांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा हसले. शिक्षक वाईट नव्हते, मला नीट बोलता यावं असंच त्यांना वाटत होतं. पण त्या वर्षी मी वर्गात परत तोंड उघडलं नाही. मला गणिताची उत्तरं येत असायची, तरी हात वर केला नाही.

गृहस्थांनी ऐंशी ओलांडली आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या वर्गातले बाकसुद्धा त्यांना आठवत होते.

रात्री जेवण झाल्यावर अण्णा स्वयंपाकघरात आले. मी भांडी घासत होते. त्यांनी विचारलं, "तुझी आई माझ्याशी बोलत नाही, ती यामुळेच का?"

मी हो म्हटलं. दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं. ते तिथेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शाळेतली किती मुलं असतील गं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्यांनाही ते माझ्याकडून नको असावं. टेबलावर बसून ते वहीत नावं लिहू लागले. मी झोपायला गेले तेव्हाही लिहीत होते.

उरलेले तीन महिने ते रोज संध्याकाळी त्या खुर्च्यांवर बसायला जात. बसचालकाला, ग्रंथालयातल्या मुलीला, दुकानदाराला "पार्डन, वन्स मोअर" म्हणायचे, आणि लोक थांबून पुन्हा सांगायचे. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तर गुडघ्याची चौकशी करताना स्वतःहून 'पेन' असं सांगलीच्या पद्धतीने म्हणायला सुरुवात केली.

अण्णा परत गेले त्याला आता दोन महिने झाले. मागच्या रविवारी आईचा फोन आला. म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांचा फोन आला होता. केळीच्या बागेचं विचारत होते, तुझ्या आजीचं विचारत होते. अर्धा तास बोललो आम्ही."

मी विचारलं, "त्यांना तुझं सगळं कळलं?"

"कुठलं!" आई म्हणाली. "चारदा म्हणाले, विहीणबाई, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं."